नववीतल्या लेकीला शाळेच्या कनू ट्रिपला पाठवावं का?

पाऊणशहाणी | १८ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते पण आज घरात एवढा गोंधळ झालाय की धागा काढावाच लागला.

आम्ही ब्रॅम्प्टनला (ओंटारियो) असतो. लेक नववीत. या सेमिस्टरला तिने आउटडोअर एज्युकेशन घेतलं, आम्हाला वाटलं झाडंपानं ओळखायला लावतील, होकायंत्र बघायला शिकवतील, झालं. तर आता फॉर्म आलाय की जूनच्या पहिल्या आठवड्यात अख्खा वर्ग अल्गोंक्विन पार्कात चार दिवस कनू (वल्ह्याची हलकी, निमुळती होडी) ट्रिपला जाणार. कनू लेक नावाच्या तळ्यावरून निघायचं, मग 'जो लेक' नावाचं तळं, पुढे टॉम थॉमसन लेकपर्यंत जाऊन परत. तीन रात्री तंबूत, फोनला रेंज नाही, होडी आपणच वल्हवायची आणि जिथे पाणी संपतं तिथे ती खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलंय की यातून मुलांची पर्सनल ग्रोथ होते, रेझिलियन्स येतो, लीडरशिप येते. खाली सही करा.

नवरा म्हणतो जाऊ दे. सासूबाई सांगलीहून आल्यात त्या म्हणतात पोरीला तीन रात्री जंगलात पाठवायला तुम्हाला वेड लागलंय का. आणि लेक, जी महिनाभर उड्या मारत होती, तिचे ग्रुप जाहीर झाल्यापासून पोट दुखायला लागलंय, कारण जिवलग मैत्रीण दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली. पोहायला येतं तिला, पण तळ्यात कधी पोहलेली नाही.

तर प्रश्न दोन. सुरक्षित असतं का हे? आणि तिला नकोच असेल तर ढकलावं का? ग्रोथबिथ खरंच होते का हा तिसरा, पण तो फावल्या वेळात.

बर्फाळ_बंड्या | १८ एप्रिल, रात्री १०:५०

पाठवा. धागा बंद करा. :-)

फोडणी | १८ एप्रिल, रात्री ११:०३

पोट मैत्रिणीमुळे दुखतंय, तळ्यामुळे नाही. आमच्याकडे हेच झालं होतं, बँड कॅम्पच्या वेळी. त्यामुळे त्या दुखण्याकडे फार लक्ष देऊ नका. सासूबाईंच्या पोटात मात्र खरंच गोळा आलेला असणार, त्यांच्याशी नीट बोला.

रानवाट | १९ एप्रिल, सकाळी ६:१५

ताई, मी उन्हाळ्यात एका कॅम्पबरोबर व्हॉलंटियर म्हणून जातो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

तुम्ही सांगितलेला रूट नवख्या मुलांसाठी नेहमीचा आहे. कनू लेक ते जो लेक हे पोर्टेज (म्हणजे होडी खांद्यावर घेऊन चालायची वाट) जेमतेम ३०० मीटरचं, रुंद आणि मळलेलं. अख्खा वर्ग एकत्र राहणार नाही, कारण अल्गोंक्विनच्या आतल्या भागात एका कॅम्पसाइटवर जास्तीत जास्त ९ माणसं चालतात. म्हणून ते ग्रुप पाडलेत, तुमच्या लेकीवर कुणाचा राग नाही.

फॉर्मवर सही करण्याआधी शाळेला हे विचारा. पोहण्याची टेस्ट कधी आहे, आणि नापास झालेल्या मुलाचं काय करणार? प्रत्येक ग्रुपबरोबर जंगलातल्या फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेलं कोण आहे? सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र किती आणि कुणाकडे? होडी उलटली तर काय करायचं याचा सराव आधी होणार का, आणि कुठे, स्विमिंग पूलमध्ये की थेट तळ्यावर? यातल्या एकाही प्रश्नावर शिक्षक चिडला तर पाठवू नका. चांगला ट्रिप लीडर अशा प्रश्नांवर खूश होतो, मी तर होतो.

पाणी जूनच्या सुरुवातीलाही थंड असतं. बर्फ वितळतंच मुळी एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला. थंड पाण्यासाठी इथे १-१०-१ शिकवतात: पडल्यावर पहिलं १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, कारण धाप लागून पाणी छातीत जातं. नंतर १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात होडी धरायची. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. हे सगळं अंगात लाइफ जॅकेट असेल तर, नाहीतर पहिल्या मिनिटातच खेळ आटोपतो. लेकीला हे पाठ असू द्या.

मुलुंड_फास्ट | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

सुरक्षेचं रानवाट यांनी सांगितलंच, मी त्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो कारण मला त्याचीच चीड येते. पर्सनल ग्रोथ म्हणे! आमचे वडील विक्रमगडकडून रोज पाच मैल चालत शाळेत जायचे, पावसात ओढा पार करून, त्यांची ग्रोथ कुणी फॉर्मवर छापली नाही. आजही आपल्याकडे पोरी हंडे डोक्यावर घेऊन चढ चढतात. आणि इथे पैसे भरून, भाड्याने होडी घेऊन, ती डोक्यावर घ्यायची आणि घरी येऊन सांगायचं की मी बदललो. गरीब रोज करतो ते कष्ट आणि श्रीमंत चार दिवस करतो ती ग्रोथ असं आहे हे.

बरं जंगल म्हणावं तर तेही नाही. अल्गोंक्विनमध्ये अजून लाकूडतोड चालते, गुगल करा.

बर्फाळ_बंड्या | १९ एप्रिल, सकाळी ९:४१

आले. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तळटीप | १९ एप्रिल, दुपारी १:२०

मुलुंडकरांचं लाकूडतोडीबद्दलचं बरोबर आहे. १८९३ साली पार्क झालं तेव्हाही लाकूड उद्योग बाहेर काढायचा हेतू नव्हताच. आणि 'निर्जन' म्हणतात तेही तितकंसं खरं नाही, अल्गोंक्विन लोक (इथले मूळ रहिवासी) हजारो वर्षं याच पाण्यावरून बर्चच्या सालीच्या होड्या घेऊन फिरत होते, पोर्टेजच्या कितीतरी वाटा त्यांच्याच. त्यांचा जमिनीचा दावा अजून मिटलेला नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळं. पाऊणशहाणीताई, घाबरवायचा हेतू नाही, पण 'मुलं घडवणं' हा शब्दप्रयोग मला पाण्याजवळ ऐकू आला की मी सावध होतो. जून १९७८, ओंटारियो आणि क्यूबेकच्या सीमेवरचं टिमिस्कामिंग लेक. मुलांना कष्टातून घडवायचं असं ब्रीद असलेली शाळा. २७ मुलगे आणि ४ मोठी माणसं, चार मोठ्या कनू, पहिलाच दिवस. चारही उलटल्या. १२ मुलगे आणि १ शिक्षक गेले. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती, मुलं मेली ती गारठून.

दुसरी याच पार्कातली. जुलै २०१७, टोरोंटोच्या शाळेची ट्रिप, १५ वर्षांचा मुलगा संध्याकाळी कॅम्पवर पोहायला उतरला आणि बुडाला. नंतर शाळेच्या बोर्डानेच जाहीर केलं की त्या ट्रिपमधल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी पोहण्याची टेस्ट पास केलेली नव्हती. शिक्षकावर खटला चालला, २०२१ मध्ये तो निर्दोष सुटला.

पाऊणशहाणी | १९ एप्रिल, दुपारी १:५५

तळटीप, झालं, आज रात्रीची झोप गेली. हे सासूबाईंना दाखवू का नको?

फोडणी | १९ एप्रिल, दुपारी २:०२

अजिबात नको!!

नाशिकची_द्राक्षं | १९ एप्रिल, दुपारी २:३०

आपल्याकडे काय वेगळं आहे. वडोदऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये शाळेची सहल हरणी तलावावर गेली, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त पोरं, सगळ्यांना लाइफ जॅकेट नाहीत. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे तर कुणाची ग्रोथबिथ करायची नव्हती, नुसती पिकनिक होती.

रानवाट | १९ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

तळटीप यांनी दिलेल्या दोन्ही घटना आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवल्या जातात, आणि त्या नीट वाचल्या तर पाठवण्याच्या विरोधात जात नाहीत, कसं पाठवायचं ते सांगतात. टिमिस्कामिंगला अनोळखी प्रचंड तळं, बोचरं पाणी, उलटलेल्या होडीतून माणसं कशी काढायची याचा सराव नाही. २०१७ ला टेस्टचा निकाल कागदावर होता पण त्या कागदावरून कुणाला थांबवलं नाही. शिवाय तो मुलगा वल्हवताना गेला नाही, पोहताना गेला. दिवसभर पोरं जॅकेट घालून असतात, धोका असतो संध्याकाळी, कॅम्प लागल्यावर, सगळे सैल झाल्यावर. शाळेला हेही विचारा: पोहायला उतरताना पाण्यात लक्ष ठेवणारा कोण आणि त्या वेळी जॅकेट घालायला लावणार का?

टेस्टचं म्हणाल तर इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीचा 'स्विम टू सर्व्हाइव्ह' म्हणून साधा मापदंड आहे. खोल पाण्यात लोळण घेऊन पडायचं, १ मिनिट तरंगायचं, ५० मीटर पोहायचं. स्टाइल कशी का असेना. लेकीकडून करून घ्या, दोन-तीन रविवारचं काम आहे.

बोटक्लब_८९ | १९ एप्रिल, रात्री ९:१५

कनूचा विषय निघाला आणि सीओईपीवाला (पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा) आला नाही असं होईल का! आमचा बोटक्लब संगमाजवळ, मुळेवर. रेगाटा (होड्यांचा सोहळा) १९२८ पासून चालू आहे, पंट, कयाक, सगळं. पाण्याचा वास असा की पडायची हिंमतच होत नसे, त्यामुळे बॅलन्स आपोआप यायचा. जलपर्णीत होडी अडकली की वल्ह्याने ती उपसत बसायचं. हीच आमची पर्सनल ग्रोथ.

दत्तू भोकनळ आठवा. चांदवडकडचा दुष्काळी भागातला पोरगा, विहिरी खणायचं काम केलेलं, पाण्याची भीती, लष्करात गेल्यावर वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये १३वा! कुठल्या फॉर्मवर लिहिलं होतं?

तळटीप | १९ एप्रिल, रात्री ९:२२

काका, ते रोइंग. पाठीमागे जाणारं. कनूत तोंड पुढे असतं.

बोटक्लब_८९ | १९ एप्रिल, रात्री ९:२५

माहितीये रे. पाणी तेच ना.

मुलुंड_फास्ट | १९ एप्रिल, रात्री ९:४०

दत्तूचं उदाहरण माझ्या बाजूने जातं, नोंद घ्यावी.

अर्धा_कप | २० एप्रिल, रात्री १२:३५

मी इथेच वाढले, मराठी लिहायला वेळ लागतो, चुका असतील तर समजून घ्या. मी दहावीत असताना अशाच ट्रिपला गेले होते. मलाही जायचं नव्हतं आणि आईने सही करून टाकली होती.

एकच गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी समोरून वारा होता. मी मागे बसले होते, म्हणजे दिशा सांभाळायचं काम माझं, आणि पुढे एक मुलगी होती जिच्याशी मी वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. आमची होडी सरळ जायलाच तयार नाही. नाक सारखं डावीकडे फिरायचं, आम्ही वल्हं मारमारून सरळ करायचो, परत फिरायचं. बाकीच्या होड्या पुढे गेल्या. मी तिला म्हणत होते तू नीट मारत नाहीस, ती म्हणत होती तू स्टिअर करत नाहीस. दोघी रडकुंडीला. आमचे सर शेवटच्या होडीत होते, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आणि ते काही म्हणजे काही बोलले नाहीत. मला इतका राग आला होता त्यांचा.

शेवटी आम्ही लिली पॅड्समध्ये घुसून काठाला लागलो. ती मुलगी उतरली आणि होडीकडे बघत म्हणाली, पुढचं टोक हवेत का आहे? बघितलं तर जेवणाची सगळ्यात जड पिशवी माझ्या पायाशी, मागे. पुढचा भाग पाण्यात बसतच नव्हता, वारा त्याला पतंग असल्यासारखा फिरवत होता. पिशवी तिच्या मागे सरकवली, परत निघालो, आणि होडी सरळ गेली. खूप हळू, पण सरळ. संध्याकाळी सरांना विचारलं तुम्हाला कधी कळलं, तर म्हणाले सकाळी, तुम्ही भरत होतात तेव्हाच.

यातून माझी ग्रोथ झाली का माहीत नाही. त्या मुलीशी मैत्री वगैरे झाली नाही, परत आल्यावर आम्ही पुन्हा फारसं बोललो नाही. आई म्हणते मी आल्यापासून जास्त वाद घालायला लागले. पण एक फरक पडला, एखादी गोष्ट बिघडली की आधी माणसाला दोष द्यायची सवय होती ती जरा कमी झाली, आता आधी पिशवी कुठे आहे ते बघते.

@मुलुंड_फास्ट, तुमच्या वडिलांचं ऐकून आदर वाटला. पण मग आम्ही काय करायचं? आम्हाला ओढा नाहीये. आम्हाला बस दारात येते.

खारीचावाटा | २० एप्रिल, सकाळी ७:०५

अर्धा_कप, मराठी माझ्या मुलांपेक्षा शंभरपट बरं आहे, लिहीत जा.

फोडणी | २० एप्रिल, सकाळी ७:४०

+१. त्या सरांना माझा नमस्कार. माझ्याच्याने होणार नाही हे, पोरगा बुटाची नाडी चुकीची बांधत असला तरी माझे हात शिवशिवतात.

मुलुंड_फास्ट | २० एप्रिल, सकाळी १०:१५

अर्धा_कप, उत्तर आवडलं. माझा मुद्दा सोडत नाही पण बारीक करतो. सरांनी सकाळपासून गप्प बसणं हे खरं काम होतं. ते अल्गोंक्विनशिवायही होऊ शकतं. घरी पोराला एकट्याने बँकेत पाठवा, एक अख्खा स्वयंपाक करायला लावा आणि स्वयंपाकघरात पाय ठेवू नका. होडीच कशाला?

रानवाट | २० एप्रिल, सकाळी ११:००

कारण स्वयंपाकघरात तुम्ही पाय ठेवताच, मुलुंडकर. :-) तिथे फोन आहे, स्विगी आहे, बाहेर पडायला दार आहे. तळ्याच्या मध्यावर वारा समोरून असताना यातलं काही नसतं, आणि मुलांना ते कळतं. वारा कुणाचं ऐकत नाही, शिक्षकाचंही नाही. त्यामुळे मुलाला असं वाटत नाही की मला मुद्दाम त्रास देतायत. हे घरात कसं आणणार?

पण गप्प बसणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. ते सर हाकेच्या अंतरावर होते, काठाजवळून जात होते. मोठं तळं असेल तर आम्ही पहाटे निघतो, दुपारी वारा चढायच्या आत पलीकडे, आणि मधून कधीच जात नाही.

पाऊणशहाणी | २० एप्रिल, दुपारी १२:३०

अर्धा_कप, तुझी पोस्ट लेकीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या मुलीचं नाव काय होतं ते तिने का नाही लिहिलं?" बाकी काही नाही. पण पोट जरा कमी दुखतंय.

आता एक नाजूक विचारते, इथे बायकाच उत्तर द्या. तारखा नेमक्या त्याच आठवड्यात येतायत.

खारीचावाटा | २० एप्रिल, दुपारी १२:५५

ताई, हे रोजचं आहे तिकडे, काही काळजी करू नका. वापरलेलं सगळं परत आणायचं, जमिनीत पुरायचं नाही. एक झिपची पिशवी घ्यायची, तिला बाहेरून डक्टटेप लावायची म्हणजे आत काय ते दिसत नाही, आत थोडी वापरलेली चहापत्ती टाकायची वासासाठी. रात्री ती पिशवी जेवणाच्या पिशवीबरोबरच झाडाला लटकवायची, तंबूत ठेवायची नाही. आणि लेकीच्या ग्रुपबरोबर बाईमाणूस लीडर आहे का ते शाळेला बिनधास्त विचारा, हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

संडासाबद्दल आधीच सांगून ठेवा पण. झाडीत एक लाकडी पेटी, वर झाकण. भिंती नाहीत. आमची पहिल्या दिवशी गेलीच नाही.

फोडणी | २० एप्रिल, दुपारी १:१०

आता माझा विषय. खायला काय देणार? आत टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, म्हणजे आमरसाचा डबा बाद. शाळेची ट्रिप म्हणजे शेंगदाणेही बहुतेक बाद, तेव्हा दाण्याची चटणी नको. पण थालीपिठाची भाजणी! कोरडी, हलकी, पाणी घालून मळली की झालं. मेतकूट-भात. उसळ ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पिशवीत भरायची, तिथे उकळत्या पाण्यात टाकली की पुन्हा उसळ. लेक व्हेज असेल तर शाळेला आधी सांगा, नाहीतर चार दिवस चीज आणि बेगल.

बर्फाळ_बंड्या | २० एप्रिल, दुपारी १:१४

हिंगाच्या वासाने अस्वल पळेल की येईल?

रानवाट | २० एप्रिल, दुपारी १:३०

येईल. त्याला टूथपेस्टच्या वासानेही यायचं असतं. म्हणूनच खाण्याचं, टूथपेस्ट, लिप बाम, सगळं एका पिशवीत आणि पिशवी रात्री तंबूंपासून दूर फांदीला उंच टांगलेली. काळी अस्वलं आहेत ती, लाजाळू, त्यांना पोरांपेक्षा भाजणीत रस असतो. जूनमधला खरा शत्रू म्हणजे काळ्या माश्या आणि डास. होडी डोक्यावर, दोन्ही हात वर अडकलेले, आणि कानामागे माशी. जाळीची टोपी द्या, फुल बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट द्या.

थंडगार | २१ एप्रिल, सकाळी ८:१०

मिनेसोटातून. आमच्याकडे बाउंडरी वॉटर्स आहे, हजाराच्या वर तळी, तिथेही ग्रुप ९ जणांचाच, होड्या जास्तीत जास्त ४. पोर्टेजची लांबी मीटरमध्ये नाही, 'रॉड'मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, अंदाजे एका कनूची लांबी. नवरा-बायको एका कनूत बसले की लग्नाची परीक्षा होते, आम्ही दोघं ईली गावाहून निघालो होतो आणि पहिल्या तळ्यातच मी म्हटलं तू पुढे बस नाहीतर मी पोहत जाते.

विषयाला धरून: दोन्ही मुलांना पाठवलंय. थोरल्याला वेड लागलं, आता दर उन्हाळ्यात जातो. धाकटीला अजिबात आवडलं नाही, ती म्हणाली मला कळलं की मला हे आवडत नाही. तेही बरंच झालं की.

टोपीवाले_काका | २१ एप्रिल, सकाळी ९:४५

सूनबाई, सासूबाईंचं सांगतो. माझी बायकोही अशीच. आम्ही तिला युक्तिवाद केला नाही, नातवाबरोबर बसवून जॅकेटचे बेल्ट लावायला लावले, शिट्टी वाजवून बघायला लावली, नकाशावर रोजचा मुक्काम पेन्सिलीने लिहायला लावला. चार दिवस ती नकाशा फ्रीजवर लावून आज इथे असतील, आज तिथे असतील करत बसली. भीती गेली नाही, पण तिला काम मिळालं.

पाऊणशहाणी | २ मे, रात्री ९:२०

अपडेट. शाळेच्या मीटिंगला गेले, रानवाट यांची यादी घेऊनच. शिक्षिका आहेत लेकीच्या ग्रुपला, त्या चिडल्या नाहीत, उलट दोन प्रश्न वहीत लिहून घेतले. टेस्ट पूलमध्ये झाली, लेक पास. वर्गातले चौघे नापास झाले, त्यांना शाळा दर गुरुवारी पूलवर नेतेय, महिनाअखेर पुन्हा टेस्ट, तेव्हाही नाही जमलं तर ते काठावरच्या कॅम्पमध्ये राहणार, होडीत बसणार नाहीत. हे ऐकून मी सही केली. त्या चौघांत दोघं आपली देशी मुलं होती, हे मात्र मला टोचलं. आपण कुमॉनच्या क्लासला दोन-दोन वर्षं घालतो आणि पोहणं राहून जातं.

काकांचा सल्ला मानला. सासूबाईंनी शिट्टी वाजवली, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मुलुंड_फास्ट | २ मे, रात्री ९:४८

देशी मुलांच्या पोहण्याबद्दल सहमत. यावर वेगळा धागा हवा, मी काढतो.

बोटक्लब_८९ | २ मे, रात्री १०:०५

काढ. मी येतो.

पाऊणशहाणी | ११ जून, संध्याकाळी ६:३०

आली. सगळे विचारतायत म्हणून इथे एकदाच लिहिते.

धडधाकट आहे. माश्यांनी मानेचं पार भजं केलंय. पहिल्या रात्री पाऊस, यांचा तंबू खोलगट जागेत लावलेला, स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला. दुसऱ्या रात्री पोरींनी स्वतः जागा शोधली, आडवं झोपून बघितली म्हणे, मग तंबू ठोकला. लून पक्ष्याचं ओरडणं ऐकून एक पोरगी घाबरून रडली, आमची नाही (असं आमची म्हणते). अस्वल दिसलं नाही, मूस (इथलं भलंमोठं हरीण) दिसला, लांबून.

पोर्टेजवर हिने आणि आणखी एकीने मिळून होडी उचलली. हिची उंची कमी, त्यामुळे सगळा भार पुढच्या उंच मुलीवर जायचा. अर्ध्या वाटेत ठेवून त्यांनी जागा बदलल्या, तेही जमेना, मग घडी केलेला रेनकोट हिच्या खांद्यावर. तासभर हेच सांगत होती, हातवारे करून, जेवताना. टॉम थॉमसन नावाचा चित्रकार कनू लेकमध्येच १९१७ साली बुडाला, हे तिला तिथे गेल्यावर कळलं, आणि तू आधी का नाही सांगितलंस म्हणून मला ओरडली. मलाच कुठे माहीत होतं.

आता तक्रार. शाळेने सगळ्यांना 'माझी पर्सनल ग्रोथ' म्हणून दोन पानांचा निबंध लिहायला लावलाय, मार्कांसाठी! हिने रात्री पाऊण तासात लिहून टाकला. मी वाचला. आव्हान, टीमवर्क, कम्फर्ट झोन, सगळं आहे. रेनकोट नाही. विचारलं का नाही लिहिलंस, तर म्हणे, "आई, त्याला मार्क नसतात."

मुलुंड_फास्ट | ११ जून, संध्याकाळी ६:४५

मी काही बोलत नाही.

अर्धा_कप | ११ जून, संध्याकाळी ७:००

हाहाहा. आम्हालाही होता तो निबंध. मी पिशवीचं लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं ते इथे, एप्रिलमध्ये.

तळटीप | ११ जून, रात्री ८:१०

या सगळ्या प्रकाराचं मूळ म्हणजे आउटवर्ड बाउंड, १९४१, वेल्समधलं अ‍ॅबरडोवी, कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट. तरुण खलाशांची संकटात टिकाव धरायची तयारी व्हावी म्हणून काढलेला कोर्स. त्यात निबंध होता का ते शोधायला हवं.

फोडणी | ११ जून, रात्री ८:२५

भाजणीचं काय झालं ते कुणीच विचारत नाहीये.

पाऊणशहाणी | ११ जून, रात्री ८:४०

पहिली दोन थालीपिठं जळाली, स्टोव्हची आच कमी करता येते हे कळेपर्यंत. मग जमली. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने स्वतःचं बेगल देऊन एक मागून घेतलं. शेवटच्या दिवशी भाजणी उरली नाही, बेगल उरली.

हळदीकुंकू_हॅमिल्टन | १२ जून, सकाळी ८:०५

धागा आत्ता वाचला. आमच्या मुलाची शाळा सप्टेंबरअखेर नेणार आहे, तोच पार्क. वेगळं काही बघायला हवं का? तो अजून नीट पोहत नाही.

रानवाट | १२ जून, सकाळी ८:५०

सप्टेंबरअखेर माश्या-डास जवळजवळ नसतात, रंग सुरेख. पण रात्री गारठा आणि अंधार लवकर, तेव्हा सुती काही नको, लोकरीचे मोजे दोन जोड जास्त आणि झोपायचे कपडे वेगळे, कोरड्या पिशवीत. पोहण्याचं मात्र आजच बघा, उन्हाळा हातात आहे. सिटीच्या पूलचं उन्हाळी रजिस्ट्रेशन भराभर भरतं.